शिकायला पुण्यात येताना : आधी भाग, मग घर

आजचा विषय व्याख्यानाचा वाटत नाही, हे आम्हाला मान्य आहे. भाड्याची खोली बघायची, त्यात काय सांगायचं? चार ठिकाणी फिरायचं, परवडेल ती घ्यायची. पण महाराष्ट्रात ज्यांनी शिक्षणाचा मुळापासून विचार केला, त्यांनी राहण्याचा विचार त्याच्यासोबतच केला होता. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे जातीजातींची वसतिगृहं निघाली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. खेड्यातल्या पोराची फी माफ केली, पण शहरात त्याला रात्री पाठ टेकायला जागा नसेल, तर ती माफी कागदावरच राहते, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आज वसतिगृहं आहेत, पण येणारी मुलं त्याहून कितीतरी जास्त. उरलेली बाजारात येतात, म्हणजे एजंट, पीजी, कॉट बेसिस आणि वन बीएचकेच्या बाजारात. तर आज आपण त्या बाजाराबद्दल बोलू. उदाहरण पुण्याचं घेतो. लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूरहून निघणाऱ्या कितीतरी गाड्या याच शहरात रिकाम्या होतात.

पहिली गोष्ट. ‘पुण्यात ॲडमिशन मिळालं’ हा पत्ता नव्हे. सीओईपी शिवाजीनगरला, विद्यापीठ गणेशखिंडीत, कमिन्स कर्वेनगरला, एमआयटी पौड रस्त्यावर, व्हीआयटी अप्पर बिबवेवाडीत, पीआयसीटी आणि भारती विद्यापीठ धनकवडीत, सिम्बायोसिसचा एक भाग विमाननगरला तर दुसरा पार लवळ्याच्या डोंगरावर. निगडीचं पीसीसीओई तर पिंपरी-चिंचवडमध्ये, म्हणजे महापालिकाही वेगळी. गावाकडे बसून हे सगळं ‘पुणे’ दिसतं. आणि मग घरात कुणीतरी हमखास म्हणतं, “आत्या आहे की पिंपरीला, तिच्याकडे राहील.”

या आत्याचा हिशोब करू. आत्या मायेची आहे, भाडं शून्य, जेवण घरचं. कॉलेज धनकवडीत. पिंपरीहून मेट्रो मिळते, पण ती सध्या स्वारगेटला संपते, पुढे बस. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत सव्वा तास धरा, पावसात जास्तच. दोन्ही वेळचे अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे पंधरा तास. जर्नल, सबमिशन, लायब्ररी, क्लब, सगळं या पंधरा तासांतून कापलं जातं. शिवाय आत्याच्या घरी रात्री एकपर्यंत दिवा चालू ठेवायला मन कचरतं, ते वेगळंच. आत्याकडे राहू नका असं आम्ही म्हणत नाही. पहिले पंधरा दिवस जरूर राहा, तिथून घर शोधा. चार वर्षांचा निर्णय मात्र ‘भाडं वाचतंय’ एवढ्यावर घेऊ नका.

भाड्याच्या दोन घरांतही हाच हिशोब लावा. समजा कॉलेजजवळ कॉटचे सात हजार आणि लांब पाच हजार. फरक दोन हजारांचा. लांबच्या घरामुळे रोज दीड तास जास्त जात असेल, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत साडेसदतीस तास झाले. त्यात बसचे किंवा पेट्रोलचे पैसे वजा करा. तासाला पन्नास रुपयेसुद्धा वाचत नाहीत. घरची परिस्थितीच तशी असेल तर लांबचं घर घ्यावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पण आपण काय देऊन काय घेतोय, ते आकड्यात माहीत हवं.

मेट्रोने थोडं गणित बदललंय. वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या दोन मार्गिका सिव्हिल कोर्टला एकमेकींना मिळतात. त्यामुळे आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीला राहून शिवाजीनगरचं कॉलेज करणं आता सोपं झालंय. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, किती वेळा वाहन बदलावं लागतं ते मोजा. एका वाहनात बसून चाळीस मिनिटं परवडतात, तीन वाहनं बदलून पस्तीस मिनिटं परवडत नाहीत.

पेठांचं वेगळं आहे. सदाशिव, नवी, नारायण पेठ म्हणजे अभ्यासिका, खाणावळी, झेरॉक्सची दुकानं आणि पुस्तकं, सगळं पायी अंतरावर. एमपीएससी करणाऱ्यांचा मुक्काम तिथे असतो तो उगाच नाही. डेक्कन परिसरातल्या कॉलेजांनाही सोयीचं. पण जुन्या वाड्यातली खोली घेताना वायरिंग बघा, संडास किती जणांत आहे ते विचारा, आणि एका खोलीत किती कॉट आहेत ते स्वतः मोजा. दुपारी गेलात तर निम्म्या कॉट रिकाम्या दिसतात, कारण पोरं अभ्यासिकेत असतात.

म्हणूनच आमचा आग्रह असतो की घर एकदा दिवसा बघा आणि एकदा रात्री. रात्री साडेनऊच्या सुमारास बसस्टॉपवर किंवा मेट्रो स्टेशनवर उतरा आणि तिथून घरापर्यंत चालत जा. दिवे आहेत का? दुकानं उघडी आहेत का? मुलींच्या बाबतीत पालक हे विचारतात, मुलांच्या बाबतीत विचारत नाहीत. मोबाइल मात्र दोघांचाही हिसकावला जातो. (आणि कुत्री! एखाद्या गल्लीतली टोळी रात्री अकरानंतर कुणालाच आत येऊ देत नाही, हे एजंट कधी सांगत नाही.) पीजीचं गेट किती वाजता बंद होतं तेही लॅबच्या वेळापत्रकाशी ताडून बघा.

आता पाणी. याच्यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. आंबेगाव, नऱ्हे, धायरी, नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे, वाघोली ही त्यातलीच. इमारती आधी उभ्या राहिल्या. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी त्या वेगाने आल्या नाहीत. भाडं इथे कमी असतं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. २०२५च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे, रुग्ण सिंहगड रस्त्याच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा झाली. या भागात राहू नये असं नाही, हजारो विद्यार्थी राहतात. पण तिथे घर घेताना तीन प्रश्न विचारायचे. पाणी महापालिकेचं की बोअरचं की टँकरचं? किती वाजता येतं आणि किती वेळ? टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की उन्हाळ्यात वेगळा मागणार? आणि हे एजंटला नाही, वॉचमनला विचारा. त्याचं कमिशन त्या घरात अडकलेलं नसतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंना विचारलंत तर दोन वर्षांचा इतिहास मिळेल.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे नको तिथे येणारं पाणी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, दत्तवाडी भागात घरात पाणी शिरलं, माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी इमारतींच्या पार्किंगमध्ये आणि तळमजल्यांवर आलं. बाहेरगावच्या मुलाला हे कुठून माहीत असणार? त्याला तळमजल्याचं स्वस्त घर दिसतं. नदीपासून, ओढ्यापासून घर किती लांब आहे ते नकाशावर बघा आणि भिंतीवर ओलीची रेघ आहे का तेही बघा. नवा रंग फक्त खालच्या तीन फुटांनाच दिला असेल तर का दिलाय, ते विचारा.

विजेचं थोडक्यात. घरगुती वीज टप्प्यांनी महाग होत जाते. पहिल्या १०० युनिटचा दर कमी, पुढच्या टप्प्याचा जास्त. पाच खोल्या एकाच मीटरवर असतील तर सगळ्यांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात. म्हणून ‘लाइट बिल वेगळं’ म्हणजे नक्की काय, स्वतंत्र मीटर की मालकाने लावलेला सब-मीटर, आणि युनिटला किती रुपये, हे आधीच ठरवा. पंखे, कपाटं, गाद्या यांची चर्चा आम्ही करत नाही. ते सगळं जुन्या बाजारात मिळतं.

आता जरा अवघड भाग. फोनवर सगळं ठरतं, भाडंही जमतं, आणि मग प्रश्न येतो, “आडनाव काय म्हणालात?” कधी “नॉनव्हेज चालत नाही,” कधी “फक्त फॅमिली,” कधी “मुलींना देतो, मुलांना नाही.” प्रत्येक नकारामागे जात किंवा धर्मच असतो असं नाही, पण अनेकदा असतो, आणि समोरच्याला तो बरोबर कळतो. परदेशात शिकून बडोद्याला नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि तिथूनही त्यांना बाहेर काढलं. शंभरहून जास्त वर्षं झाली त्याला. आज प्रश्न जरा मऊ आवाजात विचारतात, एवढाच फरक. व्यवहारी सल्ला असा की त्या कॉलेजात आधीपासून शिकणाऱ्या, आपल्या जिल्ह्याच्या मुलांना गाठा. कुठल्या इमारतीत चौकशी होते आणि कुठे नाही, हे त्यांना ठाऊक असतं. पालकांनाही सांगतो: चार नकार पचवून आलेल्या मुलाला “तूच नीट बोलला नसशील” असं म्हणू नका.

घर पसंत पडलं की कागद. अकरा महिन्यांचा करार का असतो? एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, ती टाळायला अकराची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. म्हणून “नुसती नोटरी करू, काय फरक पडतो” याला नम्रपणे नाही म्हणा. खर्च फार नसतो. अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक. १८,००० भाडं आणि ५०,००० डिपॉझिट असेल तर मुद्रांक पाचशेच्या आसपास येतो. शहरात नोंदणी फी १,०००, वर किरकोळ शुल्क आणि एजंटची मजुरी. तीन-चार जणांत वाटलं तर एका सिनेमाचे पैसे.

करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे ‘पाहुणे’, असं करू नका; तो एक जण सोडून गेला की बाकीच्यांना उभं राहायला जमीन नाही. डिपॉझिट किती, कधी परत, रंगाचे पैसे कापणार का, नोटिस किती दिवसांची, हे आकड्यात लिहून घ्या. आत शिरायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख नको. आणि घर न बघता टोकन कधीच पाठवू नका. “मी लष्करात आहे, बदली झाली, चावी कुरिअरने पाठवतो” म्हणणारा फोन आला की ठेवून द्या.

शेवटी श्रोत्यांमधून दोन प्रश्न आलेत. एका पालकांनी विचारलंय, शासकीय वसतिगृहाला नंबर लागला नाही तर काही मदत मिळते का? मिळते. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं योजना, इतर मागासवर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यासारख्या शहरात स्वाधारची रक्कम वर्षाला ६०,००० आहे. त्यात निवासाचा भाग २०,००० रुपयांचा, म्हणजे महिन्याला सतराशेसुद्धा नाही. तरीही अर्ज करा. अर्जाला भाडेकराराचा कागद लागतो, म्हणून तो नीट करून घ्या. भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं असतं आणि भत्ता त्या तारखेला येईलच असं नाही. पहिल्या सहा महिन्यांची तरतूद वेगळी ठेवा.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, कॉलेज सुरू व्हायला चार दिवस राहतात, एवढ्यात हे सगळं कसं बघायचं? नाहीच बघता येत. म्हणून त्या चार दिवसांत फ्लॅट घेऊच नका. कॉलेजच्या जवळात जवळ, जेवणासकट पीजी किंवा कॉट बेसिसवर एक महिना काढा. थोडी महाग पडली तरी चालेल. वर्गात कोण कुठे राहतं ते कळेल, कुणाशी आपलं जमतं तेही. तोवर गर्दी थोडी ओसरते, मालकही बोलायला तयार होतात. मग तिघी-चौघी मिळून घर बघायला निघा, शनिवारी दुपारी एकदा आणि सोमवारी रात्री एकदा.