काळं पाणी: निमित्त शिक्षेचं, डोळा बंदरावर

काळं पाणी म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आठवतो. पण तो बांधून झाला १९०६ मध्ये. काळं पाणी त्याच्या ४८ वर्षं आधीच सुरू झालं होतं! १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स वॉकर २०० कैद्यांना घेऊन अंदमानात पोचला, तेव्हा तिथे ना भिंत होती, ना कोठडी. नुसतं घनदाट रान. ते तोडायचं कुणी? त्याच कैद्यांनी.

इंग्रजांनी एवढ्या लांब, किनाऱ्यापासून सुमारे १२०० किलोमीटरवर कैदी का नेले? कलकत्त्याहून रंगून-सिंगापूरकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत आसऱ्याचं बंदर हवं होतं. आर्चिबाल्ड ब्लेअरनं १७८९ मध्ये तिथे वसाहत थाटूनही पाहिली, पण रोगराईनं १७९६ मध्ये गाशा गुंडाळावा लागला. मग १८५७ उजाडलं. बंडवाल्यांनी तुरुंग फोडले, पकडलेल्यांना ठेवायला जागा पुरेना. सिंगापूर-पेनांगकडे हिंदुस्थानी कैदी आधीपासून जात होते, पण तिथल्या गोऱ्यांनी हे बंडवाले आमच्याकडे नकोत म्हणून ओरड केली. शिवाय समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही लोकांच्या मनातली धास्ती सरकारला ठाऊक होती. हे सगळं धरूनही माझं मत स्पष्ट आहे: शिक्षा हे निमित्त, बंदर आणि फुकटची मजुरी हा मतलब.

या मजुरीची किंमत? पळून जाऊ पाहणाऱ्या ८० हून अधिक कैद्यांना वॉकरनं पहिल्या काही महिन्यांतच फासावर चढवलं.

पळालेला एक जण मात्र वाचला. दूधनाथ तिवारी वर्षभर अंदमानी आदिवासींत राहिला, तिथेच त्यानं लग्नही केलं. मे १८५९ मध्ये आदिवासी वसाहतीवर चालून येणार, ही खबर त्यानंच इंग्रजांना दिली आणि माफी मिळवली.

आणखी एक धक्का: व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ रोजी इथे पाहणीला आला आणि शेर अली आफ्रिदी या कैद्याच्या सुऱ्याला बळी पडला.

सावरकर १९११ मध्ये सेल्युलर जेलमध्ये आले. छातीवरच्या बिल्ल्यावर सुटकेचं साल होतं १९६०! कोलूला, म्हणजे तेलघाण्याला, जुंपलेल्या कैद्यानं दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, हा तिथला नेम.

आता आपल्या वसमतकडे या. वसमत तेव्हा निजामाच्या मुलखात. निजाम इंग्रजांच्या बाजूचा, पण त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर चालून गेले. दोघांनाही काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तुर्रेबाज जानेवारी १८५९ मध्ये कैदेतून निसटले आणि काही दिवसांतच गोळीला बळी पडले. अल्लाउद्दीन अंदमानात गेले ते परतलेच नाहीत.

वसमतकरांना हैदराबाद काही परकं नाही. पुढच्या खेपेला कोठी भागात गेलात, तर ती रेसिडेन्सी जरूर बघा. तिथे आता महिलांचं विद्यापीठ आहे. आणि सोबतच्या पोरांना ही दोन नावं सांगा.