गोड सोडलं, तरी साखर का वाढली? (लेखमाला ‘ताट आणि तब्येत’ : भाग चौथा)

इन्सुलिन शरीरात काय काम करतं आणि ते अपुरं पडू लागलं की रक्तातली साखर कशी चढते, हे आपण गेल्या भागात पाहिलं. या भागात थेट स्वयंपाकघरात शिरू.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. कुणी मिलमध्ये, कुणी साडीच्या मार्केटमध्ये, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात. तपासणीचा रिपोर्ट हाती आला की या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘मी तर गोडाला हातही लावत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. मग साखर आली कुठून?’

प्रश्न अगदी रास्त आहे. मधुमेह म्हणजे साखर खाल्ल्याने होणारा आजार, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की साखरेचा डबा बंद केला म्हणजे पथ्य संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात धोका ठरतो तो रोजच्या सगळ्या खाण्याच्या गोळाबेरजेवर. काय खाल्लं, किती खाल्लं, त्याच्यासोबत काय होतं आणि काय नव्हतं, हे सगळं वर्षानुवर्षं साचत जातं.

धोका आपल्याला जास्त का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या सोबतीने देशभर मोठी पाहणी केली. तिचे 2023 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या दुसऱ्या आकड्याकडे नीट पाहा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मध्ये आली की माणूस उंबरठ्यावर आहे असं समजतात; 6.5 पासून पुढे मधुमेह. उंबरठ्यावरच्या माणसाला अजून मागे फिरता येतं, आणि मागे फिरण्याची वाट बऱ्याच अंशी ताटातून जाते.

‘मी तर बारीक आहे, मला कसा होईल?’ असं म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं होतं. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखं : 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात, यकृताभोवती चरबी दडलेली असू शकते, आणि हीच चरबी इन्सुलिनच्या कामात खोडा घालते. म्हणून आपल्याला वजनकाट्यावर विसंबून चालत नाही.

एकेक पदार्थ नको, सगळं खाणं पाहा

संशोधकही पूर्वी एकेका घटकाच्या मागे लागत : आधी चरबी, मग साखर, मग भात. पण माणूस घटक खात नाही, जेवण जेवतो. एक गोष्ट सोडली की तिच्या जागी दुसरी काहीतरी येतेच. बिनसाखरेच्या चहासोबत चार खारी बिस्किटं खाल्ली तर वाचवलेली साखर मैद्याच्या आणि वनस्पती तुपाच्या रूपाने परत आली. त्यामुळे आता अभ्यासक सगळ्या आहाराला मिळून गुण देतात. भाज्या, फळं, डाळी, दाणे, अखंड धान्य यांना वाढते गुण. गोड पेयं, मैदा, तळण, जास्त मीठ यांना घटते.

अमेरिकेत हजारो परिचारिका आणि इतर आरोग्यसेवकांच्या आहाराची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. त्यावरून 2016 साली दिसलं की चार वर्षांत ज्यांनी आपल्या आहाराचे गुण 10 टक्क्यांहून अधिक सुधारले, त्यांना पुढच्या चार वर्षांत मधुमेह होण्याचा धोका, आहार तसाच ठेवणाऱ्यांपेक्षा 16 टक्क्यांनी कमी राहिला. ज्यांचं खाणं बिघडलं त्यांचा धोका वाढला. म्हणजे पन्नाशीला आलेल्या माणसानेही ‘आता काय उपयोग’ म्हणायचं कारण नाही.

त्याच वर्षीचा आणखी एक निष्कर्ष आपल्या शाकाहारी घरांनी जपून ठेवावा असा आहे. अखंड धान्य, भाज्या, फळं, डाळी, दाणे यांवर भर असलेला वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांचा धोका तसं न खाणाऱ्यांपेक्षा 34 टक्क्यांनी कमी होता. पण मैदा, गोड पेयं, मिठाई असाच वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांचा धोका 16 टक्क्यांनी जास्त निघाला. दोघेही आपापल्या परीने शाकाहाराकडेच झुकलेले! नुसतं ‘आम्ही शुद्ध शाकाहारी’ म्हटल्याने संरक्षण मिळत नाही.

लोचो आणि कळण्याची भाकरी

सुरतेच्या जेवणाची महती सगळ्या गुजरातेत गातात. सकाळच्या लोचोचंच घ्या. हरभऱ्याची डाळ भिजवायची, वाटायची, आंबवायची आणि वाफवायची. इथपर्यंत हा उत्तम नाश्ता आहे. डाळ आहे, तळण नाही. मग त्यावर तेलाची धार पडते, मूठभर शेव पडते, हल्ली लोणी आणि चीजही पडतं, आणि शेवटी गोड चहा. डाळीच्या पदार्थाचं तेलाच्या आणि शेवेच्या पदार्थात रूपांतर होतं. तेव्हा लोचो चांगला की वाईट, असं विचारण्यात अर्थ नाही. तेल-शेव कमी, कांदा आणि हिरवी चटणी जास्त, हे दुकानदाराला सांगता येतं आणि तो तसं देतोही.

घारीचंही तसंच. चांदी पडव्याला अख्खं शहर मावा-तुपाची घारी खातं. वर्षातल्या त्या एका दिवसाने कुणाला मधुमेह होत नाही. घात करतं ते रोज संध्याकाळी टीव्हीसमोर उघडणारं फरसाणाचं पाकीट.

आता आपल्या गावाकडच्या ताटाकडे या. खानदेशातली कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी. ज्वारीत 100 ग्रॅममागे साधारण 10 ग्रॅम प्रथिनं असतात, उडदात सुमारे 22. ज्वारीत लायसिन हे अमायनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. म्हणून दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा सुधारतो. सोबत वांग्याचं भरीत, मेथी किंवा अंबाडीची भाजी, कांदा. आपल्या आज्यांनी शेताच्या बांधावर जे खाल्लं त्याला आजच्या गुणपत्रिकेत वरचा नंबर मिळेल. सुरतेत आल्यावर पीठ तयार मिळू लागलं, भाकरी थापायला वेळ उरला नाही, ज्वारीची जागा मऊ पोळीने आणि भाताने घेतली आणि उडीद ताटातून निघून गेला. वर काम असं की आठ-दहा तास एका जागी बसून किंवा उभं राहून करायचं.

नुसती अदलाबदल पुरत नाही

मग ज्वारी परत आणली की झालं? इथे सप्टेंबर 2025 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेला आयसीएमआरच्याच पाहणीचा आहारविषयक भाग डोळे उघडतो. भारतीय माणूस दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के पिष्टमय पदार्थांतून मिळवतो. प्रथिनांचा वाटा जेमतेम 12 टक्के. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा ज्वारी-बाजरीचं पीठ घेतलं, पण एकूण पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. बारीक दळलेलं पीठ, मग ते कशाचंही असो, पोटात गेल्यावर झरझर साखरेत बदलतं. मात्र ऊर्जेतला फक्त 5 टक्के वाटा पिष्टाकडून डाळी किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांकडे वळवला, तिथे धोका कमी दिसला.

थोडक्यात, भाताच्या तीन वाट्यांऐवजी पाच भाकऱ्या खाणं हा उपाय नव्हे. एक भाकरी कमी आणि त्या जागी वाटीभर उसळ, हा उपाय.

अशा पाहण्यांतून फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो बरोबर आहे. पण चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला. एका गटाला आहार सुधारायला आणि रोज चालायला लावलं, दुसऱ्याला नेहमीचाच सल्ला दिला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार तीन वर्षांत दुसऱ्या गटातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर पहिल्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के राहिलं. औषधाची एक गोळीही न देता मिळालेला हा फरक आहे.

घरच्या घरी हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसभराचं ताट आखून दिलं आहे. 2,000 कॅलरी लागणाऱ्या माणसाला धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मासे) 85 ग्रॅम, दाणे-बिया 35 ग्रॅम, दूध-दही 300 मिली आणि तेल-तूप 27 ग्रॅम.

हे आपल्या भाषेत मांडू. मध्यम पोळीला 30 ग्रॅम पीठ धरलं तर सहा पोळ्या आणि एक मोठी वाटी भात झाला की दिवसाचं धान्य संपलं. टोस्ट, पाव, पोहे हे सगळं त्यातूनच वजा व्हायला हवं. घट्ट वरणाच्या वाटीला साधारण 30 ग्रॅम डाळ लागते, म्हणजे दिवसाला जवळपास तीन वाट्या. पाण्यासारख्या आमटीने हा हिशोब जुळत नाही.

तेलाचं गणित आणखी सोपं. चार माणसांच्या घरात दिवसाला 27 ग्रॅमप्रमाणे महिन्याला सव्वातीन किलो तेल होतं. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्या घरी तो किती दिवस जातो ते डब्यावर तारीख लिहून एकदा पाहाच. बाहेरून येणाऱ्या फरसाणातलं तेल तर या डब्यात मोजलंच जात नाही.

या हिशोबात एक माणूस नेहमी सुटतं : घरची बाई. सगळ्यांना वाढून ती शेवटी बसते तेव्हा पातेल्यात उरलेला भात असतो, पोळ्या असतात. भाजी आणि उसळ संपलेली असते. गोळाबेरजेत सगळ्यात निकृष्ट ताट तिच्या वाट्याला येतं, आणि ती गरोदर असेल तर त्याचा परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचतो. म्हणून उसळ आणि भाजीचा तिचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा, ही जबाबदारी घरातल्या प्रत्येकाची आहे. आहार सुधारायचा असेल तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि वयाची तिशी ओलांडलेल्या, पण अजून एकदाही तपासणी न केलेल्या प्रत्येकाने जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती करून घ्यावी. तपासणीत साखर थोडी वाढलेली निघाली तर घाबरून जाऊ नका. वेळेवर कळणं हीच मागे फिरण्याची संधी आहे.

पुढच्या भागात : रात्रपाळीचा डबा. मिलमध्ये आणि कारखान्यात रात्री जागणाऱ्यांनी कधी आणि काय खावं?