कुकर सांगलीला, शेत औंढ्याला: डिझेलचा हिशोब नेमका कुठं चुकतो

औंढा नागनाथच्या परिसरात महाशिवरात्रीची यात्रा आणि हळदीची काढणी साधारण एकाच सुमाराला येतात. एकीकडं देवळाभोवती पाळणे उभे राहतात, तर दुसरीकडं शेतात ओल्या हळकुंडांचे ढीग लागतात आणि ‘कुकर कधी येणार’ ही विचारपूस सुरू होते. कुकर म्हणजे हळद शिजवायचं वाफेचं यंत्र. मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला दोन किंवा चार ड्रम आणि सगळं चाकांच्या सांगाड्यावर बसवलेलं. भाड्याच्या कुकरसाठी नंबर लावून कंटाळलेला शेतकरी शेवटी स्वतःचा घ्यायचं ठरवतो. नवा परवडत नाही म्हणून जुना शोधतो. मोबाइलवर एक चांगला दिसतो, पण तो असतो सांगलीकडं.

मग पारावर कुणीतरी म्हणतं, “भाऊ, डिझेल कुठं गेलंय माहीत हाय ना? यंत्रापेक्षा जाण्या-येण्यालाच पैसा लागंल.” बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. त्या एका वाक्यात बरेच गैरसमज एकमेकांत अडकलेले आहेत, ते सोडवून बघायला हरकत नाही.

“डिझेल वाढलं, आता लांबचा सौदा परवडत नाही”

औंढ्याहून परभणी, लातूर, सोलापूर करत सांगली म्हणजे एका बाजूनं ढोबळमानानं पाचशे किलोमीटर. जाऊन-येऊन हजार. घरची किंवा भाड्याची जीप लिटरला साडेबारा किलोमीटर देते असं धरलं तर ८० लिटर डिझेल लागेल. हिशोब सोपा जावा म्हणून भाव ९० रुपये धरू. एका फेरीचं डिझेल झालं ७,२०० रुपयांचं.

आता भाव पाच रुपयांनी वाढला तर फेरी ४०० रुपयांनी महागते. दहा रुपयांनी वाढला, म्हणजे पेपरात मोठा मथळा येईल इतका, तरी वाढतात ८०० रुपये. लाख-दीड लाखाच्या सौद्यात विक्रेत्यासमोर बसून घासाघीस करताना यापेक्षा जास्त रक्कम चहाच्या कपागणिक खाली-वर होते.

पण तोच शेतकरी सांगलीला गेला, टाकीच्या तळाला गंज दिसला आणि हात हलवत परत आला, तर काय? मग दुसऱ्या कुकरसाठी पुन्हा फेरी आणि पुन्हा ७,२०० रुपये. म्हणजे त्या सौद्यापुरतं डिझेल त्यानं १८० रुपये लिटरनं घेतलं. एवढी भाववाढ आजवर कुठल्या सरकारनं केलेली नाही. ती आपण न विचारता निघालो म्हणून आपणच आपल्यावर करून घेतो. पंपावरचा आकडा रोज डोळ्यांसमोर असतो, त्यामुळं सगळा राग त्याच्यावर निघतो. वाया गेलेल्या फेरीचा बोर्ड मात्र कुठं लागत नाही.

बघायला जाणं आणि आणायला जाणं या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत, हेही आपण विसरतो. बघायला जीप कशाला? साध्या एस.टी.चा सहा किलोमीटरचा टप्पा जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर सुमारे दहा रुपयांना पडतो. पाचशे किलोमीटरला साडेआठशेच्या आसपास, दोघांचं जाऊन-येऊन साधारण ३,४००. जीपच्या नुसत्या डिझेलच्या निम्म्याहून कमी, आणि जीपला ड्रायव्हर, टोल, जेवणं वेगळीच. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. हळदीचा सगळा व्यवहार ज्या घरात बाईच्या हिशोबावर चालतो, तिथं तीच का जाऊ नये बघायला, असं मला नेहमी वाटतं. पण सौद्याला जायचं म्हणजे चार गडी आणि एक गाडी हवीच, अशी आपल्याकडं पद्धत पडली आहे.

“आपलाच ट्रॅक्टर नेऊ, जोडून आणू, भाडं वाचेल”

कुकरला चाकं असतात, त्यामुळं हा मोह होतो. गावातल्या गावात, या शेतातून त्या शेतात न्यायला ते बरोबरच आहे. पण पाचशे किलोमीटर? रस्त्यावर ट्रॅक्टर तासाला पंचवीस किलोमीटर चालला तरी एका बाजूचे वीस तास झाले. तासाला चार लिटर धरलं तर ८० लिटर. जाताना तेवढंच आणि येताना ओढ असल्यामुळं थोडं जास्त. म्हणजे जीपच्या दुप्पट डिझेल, वर दोन मुक्काम. मागच्या मोठ्या टायरच्या नक्ष्या मातीत पकड घेण्यासाठी असतात, डांबरावर त्या झिजतात. ही झीज डिझेलच्या हिशोबात कुणी धरत नाही, ती पुढच्या नांगरटीला चाक घसरल्यावर कळते. शिवाय कुकरचा सांगाडा आणि धुरा लांबच्या रस्त्यासाठी केलेला नसतो. रात्री उसाच्या बैलगाड्या, ट्रॉल्या आणि त्यांत दिवे नसलेला हा गाडा. खर्चाचं सोडा, धोका तरी किती घ्यायचा?

यापेक्षा टेम्पो बरा, आणि त्याहून बरं परतीचं भाडं. मराठवाड्यातली हळद पूर्वीपासून सांगलीच्या बाजाराला जात आली. आता हिंगोली आणि वसमतचे बाजार मोठे झाले तरी व्यापाऱ्यांच्या गाड्या तिकडं जातातच. माल उतरवल्यावर ट्रकवाल्याला रिकामं परतायचं नसतं. जे मिळेल ते भाडं घेऊन तो डिझेल तरी काढायला बघतो. त्याच्या गाडीत कुकर चढला तर पूर्ण टेम्पो ठरवण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. यासाठी दोन-चार दिवस थांबायची तयारी लागते आणि अडतीवर ओळख लागते. दुसरी गोष्ट आपल्याकडं भरपूर असते, पहिली नसते.

टेम्पोवाल्याशी बोलतानाही एक आकडा पाठ असावा. लिटरला आठ किलोमीटर देणारी गाडी पाचशे किलोमीटरला साडेबासष्ट लिटर पिते. डिझेल दहा रुपयांनी वाढलं तर त्याचा खर्च एका बाजूला ६२५ रुपयांनी वाढतो. दुसऱ्या बाजूनं गाडी रिकामी धावली तरी १,२५०. “डिझेल वाढलंय दादा” म्हणत त्यानं तीन हजार चढवले, तर उरलेले पैसे डिझेलचे नाहीत. ते हंगामाचे आहेत. ऊस, कांदा, हरभरा सगळं एकदम निघालं की गाड्या मिळत नाहीत आणि भाडं चढतं. त्यात लबाडी आहे असंही नाही, पण कारण वेगळं आहे, आणि कारण कळलं की उपायही वेगळा सापडतो. मालवाहतुकीत डिझेल हा साधारण निम्म्याच्या आसपासचा खर्च असतो. बाकी हप्ता, टायर, विमा, ड्रायव्हर. डिझेल दहा टक्के वाढलं की भाडं दहा टक्के वाढायलाच हवं, हा नियम कुठं लिहिलेला नाही.

“कच्चं तेल उतरलं की थोडं थांबू, डिझेल खाली येईल”

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचे वायद्याचे भाव शून्याच्याही खाली गेले. आपल्याकडं मे महिन्याच्या सुरुवातीला केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागं १३ रुपयांनी आणि पेट्रोलवरचं १० रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई आली ती सरकारी तिजोरीत, टाकीत नाही.

कागदोपत्री डिझेलचा भाव ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त आहे, आणि १६ जून २०१७ पासून तो देशभर रोज सकाळी सहाला बदलायची सोय आहे. प्रत्यक्षात काय होतं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीला केंद्रानं डिझेलवरचं शुल्क १० रुपयांनी उतरवलं आणि त्यानंतर २१ मार्च २०२२ पर्यंत कंपन्यांनी भावाला हात लावला नाही. मधे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. २२ मार्चपासून सोळा दिवसांत डिझेल दहा रुपयांनी चढलं. मे २०२२ मध्ये शुल्क पुन्हा ६ रुपयांनी उतरलं, जुलैत राज्यानं व्हॅट कमी करून ३ रुपयांची सूट दिली. त्यानंतर कच्चं तेल कितीतरी वेळा खाली-वर झालं, पण कंपन्यांनी पुढचे दोन रुपये उतरवले ते थेट मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर. एप्रिल २०२५ मध्ये तर शुल्क दोन रुपयांनी वाढलं आणि पंपावरचा आकडा जागचा हललाही नाही, कारण तोवर कच्चं तेल उतरलेलं होतं.

तेव्हा कच्च्या तेलाकडं बघून सांगलीची तारीख ठरवण्यात अर्थ नाही. तारीख ठरवायचीच तर हळदीकडं बघून ठरवा. शिजवणी संपली, कुकर गोठ्यामागं ताडपत्रीखाली गेला, की विकणाऱ्याला तो अडगळ वाटायला लागतो. उन्हाळा सरताना मागितलेली किंमत आणि जानेवारीत मागितलेली किंमत यांत जो फरक पडतो, त्यापुढं डिझेलचे पाच-दहा रुपये किरकोळ आहेत. तोटा एवढाच की यंत्र पुढच्या हंगामापर्यंत आपल्या ताडपत्रीखाली पडून राहतं आणि पैसा अडकतो.

“परभणीकडं कर जास्त, म्हणून तेल महाग”

हा आपल्या भागाचा लाडका समज. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, पण ‘राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल परभणीत’ ही बातमी औंढ्यातही आपली म्हणूनच वाचली जाते. सप्टेंबर २०१८ मध्ये परभणीच्या पेट्रोलनं नव्वदी गाठली तेव्हा देशभर नाव झालं. पण व्हॅटचा दर परभणीला वेगळा नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशी काही शहरं सोडून उरलेल्या महाराष्ट्राला एकच दर होता, आणि जुलै २०२४ पासून तर मुंबईचा दरही खाली आणून सगळ्यांच्या बरोबरीला बसवला आहे. फरक पडायचा तो टँकरच्या वाटखर्चाचा. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून इकडं यायला सुमारे तीनशे किलोमीटर, आणि तो खर्च लिटरवर चढतो.

म्हणून पन्नास किलोमीटर लांबच्या स्वस्त पंपावर टाकी भरायला जाणंही फुकट आहे. लिटरला एक रुपया वाचला तर साठ लिटरच्या टाकीला साठ रुपये वाचतात, आणि मुद्दाम गेलेल्या शंभर किलोमीटरला सातशेवर जातात. वाटेत लागणारच असेल तर गोष्ट वेगळी.

पंपावरच्या बाकीच्या समजुती दोन ओळींत आटोपतात. शंभराऐवजी एकशे दहाचं टाकलं म्हणून जास्त पडत नाही, यंत्र लिटर मोजतं, आकड्याचा गोलपणा नाही. पहाटे भरलं म्हणून जास्त येत नाही, टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंका असेल तर पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं. ते मागा, तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगा. खरी बचत पायाखाली आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना वर्षानुवर्षं सांगते की ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगात गाडी सगळ्यात कमी पिते. सोलापूरच्या मोकळ्या रस्त्यावर ते ऐकणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचा आहे.

“गेल्याशिवाय काय कळतं?”

बरंच कळतं. कुकरऐवजी जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर नंबर मागा आणि परिवहन खात्याच्या मोबाइल अ‍ॅपवर टाका. बँकेचा बोजा, विमा तिथं दिसतं. बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आधी, सौदा नंतर. विकत घेतल्यावर नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ चं ना-हरकत पत्रही. यातलं एक जरी अडलं तर एम.एच. ३८ च्या हिंगोली कार्यालयातून पुन्हा तिकडच्या कार्यालयात चकरा, आणि प्रत्येक चकरेचं डिझेल तुमचं.

कुकरला असा नंबर नसतो, त्यामुळं तिथं डोळे वापरावे लागतात, पण तेही व्हिडिओ कॉलवर चालतं. टाकीचा तळ आधी दाखवायला सांगा. आग तिथंच लागते आणि पत्रा तिथंच पातळ होतो. हातोडीनं हळूच ठोकून आवाज ऐकवायला सांगा, जाड पत्रा घणघणतो, कुजलेला भदभद वाजतो. सांध्यांवर नव्या वेल्डिंगचे डाग किती आहेत ते मोजा. नुसता नवा रंग मारलेला कुकर असेल तर जास्त जवळून बघा. प्रेशरचा काटा जागेवर आहे का, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खरंच उघडतो का, की कुणी तारेनं आवळून टाकलाय? तारेनं आवळलेला व्हॉल्व्ह म्हणजे स्फोटाला आमंत्रण. मग किंमत निम्मी असली तरी विषय बंद. ड्रमच्या आतली वाफेची नळी आणि तिची भोकं दाखवायला सांगा, ती मातीनं बुजलेली असली तर वरची हळद कच्ची आणि खालची गिच्च होते.

शेवटी पाणी भरून पेटवायला सांगा. तासाभराचं काम आहे आणि विकणाऱ्याचं चार लाकडांपलीकडं काही जात नाही. वाफ ड्रममधून निघते की सांध्यातून, ते औंढ्यात बसून दिसतं. आणि त्यानं “तुम्ही या तर खरं, आल्यावर दाखवतो” असं दुसऱ्यांदा म्हटलं, तर जीपची किल्ली खुंटीला राहू द्या आणि पुढचा नंबर लावा.