बेसबॉलचे विजेते आणि बारा राशी

मंडळी, अमेरिकेत बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांना ‘वर्ल्ड सीरीज’ म्हणतात. १९०३ साली ते सुरू झाले. ते जिंकणाऱ्या खेळाडूंची राशीवार वाटणी केली, तर गंमत दिसते. बेब रूथ जन्मला ६ फेब्रुवारी १८९५ ला, हँक अ‍ॅरन ५ फेब्रुवारी १९३४ ला, जॅकी रॉबिन्सन ३१ जानेवारी १९१९ ला. तिघेही कुंभेचे! मग चेंडू टोलवावा तो कुंभेनेच, असे म्हणायचे का?

जरा थांबा. दहा वेळा विजयी संघात असलेला योगी बेरा वृषभेचा. शिवाय ही पाश्चात्त्य रास जन्मवेळच्या सूर्यावरून ठरते. आपल्या पंचांगाने त्या दिवसांत सूर्य मकरेत असतो. आणि आपण रास सांगतो ती तर चंद्रावरून! माणूस तोच, रास मात्र बदलते.

तरी एक गोष्ट खरी. अमेरिकेत जन्मलेल्या मोठ्या खेळाडूंत ऑगस्टमधले पुष्कळ, जुलैमधले त्या मानाने कमी. याचे कारण आकाशात नाही. मुलांच्या संघांसाठी वय तेथे अनेक वर्षे ३१ जुलैला मोजत. त्यामुळे ऑगस्टचा मुलगा गटात सर्वांत थोरला, जुलैचा सर्वांत धाकटा. थोरला अंगाने भरलेला; म्हणून तोच निवडला जाई आणि त्यालाच सराव अधिक मिळे.

गुरुजी, आपल्याही वर्गात वर्षभराच्या अंतराची मुले एकाच ओळीत बसतात. एखाद्या पोराला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी हजेरीपटाशेजारी त्याची जन्मतारीख ठेवून पाहा. रास नको, महिना पाहा.