निखळलेला खांदा आणि लेझीम

१४ एप्रिल जवळ आली की मागे खांदा निखळलेली पोरं विचारतात, “ताई, लेझीम खेळू का?” दुखणं थांबलं म्हणजे सांधा सावरला असं नव्हे. खांदा बसवल्यावर तीन महिने तरी थांबा, असं आम्ही सांगतो. हात वर जाऊन मागे झुकला की तो पुन्हा निखळू शकतो, तरुणांचा तर जास्तच. लेझमीत हात तसाच जातो.

झोळी निघाली की सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकून घ्या: वाकून हात लोंबता हलवणं, मग भिंतीवर बोटं चढवणं. मालीशवाल्याला खांदा ओढू देऊ नका. दंड बधिर वाटला तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, पोरीची लेझीम बंद करून तिच्याच डोक्यावर हंडा देणारी घरं आम्ही पाहतो. पाण्याला भावाला पाठवा.