पंजातले केस कापावेत कसे?

शित्झू किंवा ल्हासा अप्सो जातीचा कुत्रा घरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरू लागला, तर आधी त्याचा पंजा उलटा करून पाहावा. तळव्याच्या खरखरीत गाद्या जमिनीवर पकड देतात. लांब केसांच्या जातींत गाद्यांमधले केस वाढून त्यांच्यावर येतात आणि पकड सुटते.

शिवाय कुत्र्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांतच असतात. घामात पावसाळ्यातला चिखल मिसळला की केसांच्या जटा होतात, ओल टिकते, यीस्टचा संसर्ग बळावतो. कुत्रा पंजा सारखा चाटतो आणि तिथले पांढरे केस लाळेने तांबूस होतात.

पंजा कोमट पाण्याने धुऊन बेचक्यांपर्यंत कोरडा करावा. मग बोथट टोकाची कात्री तळव्याला समांतर धरून, केस गाद्यांच्या पातळीवर येतील एवढेच कापावेत. बेचक्यात कात्री खुपसू नये; तिथली कातडी नाजूक असते.

नखांचे काम अधिक जपून करावे लागते. पांढऱ्या नखातली रक्तवाहिनी गुलाबी दिसते, काळ्या नखात ती दिसत नाही. म्हणून काळे नख थोडे थोडेच कापावे. रक्त आलेच, तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून धरावे.

सूज, दुर्गंधी किंवा लंगडणे दिसले, तर कात्री बाजूला ठेवून पशुवैद्यांना दाखवावे.