शेकरू, साळिंदर आणि घूस : एकाच गणातले नातेवाईक

शेकरू, साळिंदर आणि घूस यांच्यात सारखं काय? दिसायला तर काहीच नाही! पण त्यांचे दात बघा. वर एक आणि खाली एक अशा पटाशीच्या दातांच्या दोन जोड्या असतात. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून सतत कुरतडावं लागतं. अशा प्राण्यांच्या गणाला 'कृंतक' म्हणतात.

या गणात अनेक कुलं आहेत.

१) खार कुल : आपला राज्यप्राणी शेकरू यातला. त्याच्या प्रजातीत ४ जाती असून चारही फक्त आशियात आढळतात.

२) साळिंदर कुल : भारतीय साळिंदराचं वजन साधारण ११ ते १८ किलो. त्याचे काटे म्हणजे कडक झालेले केसच! तो ते फेकून मारत नाही. ते सहज गळतात, म्हणून तसा गैरसमज झाला.

३) उंदीर कुल : घूस यातली.

मग ससा? त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते, म्हणून त्याचा गण वेगळा. आणि चिचुंद्री? ती कृंतक नाहीच. ती किडे, झुरळं खाते. तेव्हा उंदीर समजून तिला मारू नका. नाव ठेवण्याआधी दात बघायचे, हे लक्षात ठेवा!